फाटक आधी आलं

शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं
दुसऱ्यांच्या फीचे हिशेब लिहिले.
ही वही माझी.
पहिल्या पानावर: कळमेश्वरच्या पुढे, पाऊण एकर,
काळी माती, धुऱ्यावर दोन बाभळी.
त्याखाली: चाळीस हजार. वर एक रुपया नाही.

साडेनऊ हजार पहिल्याच रविवारी गेले.
धरमपेठेत कोणाचा तरी बंगला पाडत होते,
प्रफुल्ल तिथून लोखंडी फाटक घेऊन आला,
टेम्पोत आडवं, दोरानं बांधून,
पाटी तशीच वर: कुत्र्यापासून सावध रहा.
कुंपण? मी विचारलं.
म्हणाला, ते पुढच्या वर्षी.

दोन सिमेंटच्या खांबांत फाटक उभं राहिलं,
अलीकडे माती, पलीकडे तीच माती.
देवाजी निखाडेंनी बैल थांबवले.
"बाई, हे फाटक कोणाले अडवून राह्यलं?"

उरलेल्या पैशांना मी रांगेत उभं केलं.
फावडं नवं, इतवारीतलं.
त्याचा दांडा पाहून देवाजी म्हणाले,
"हे तं पेन्सिलीचं लाकूड हाय,"
आणि धुऱ्यावरची फांदी तोडून
दुपारभर तासत बसले.
टिकास एकच घेतलं. म्हणजे एकानं खणायचं,
दुसऱ्यानं सल्ले द्यायचे.

फवारणीचा बॅटरीवाला पंप हातात घेतला, ठेवून दिला.
चाकाचं हातकोळपं दोनदा ढकलून पाहिलं
दुकानाच्या फरशीवर.
दुकानदार म्हणाला, ताई, शौक महागच असतो.
शौक म्हणाला म्हणून मी चिडले,
झारी उचलली
आणि दहा रुपये कमी कर म्हणायचं विसरले.

ठिबकच्या नळ्या कामठी रोडच्या भंगारातून,
किलोवर तोललेल्या, क्षारानं तोंडं मिटलेल्या.
महिनाभर रोज संध्याकाळी टीव्हीसमोर
एकेक भोक मी गोधडीच्या सुईनं उघडलं.
प्रफुल्ल मोजत होता.
चारशे अकराला झोपला.

आणि कूलर.
नागपुरात कोणाच्या गच्चीवर मेलेला कूलर नाही?
आमचे दोन, नणंदेचा एक,
शाळेच्या लिलावातला एक, दीडशेला, चाकं नसलेला.
टाक्यांत वांग्यांची रोपं टाकली, टमाटरची टाकली,
ताट्यांतली खस मोकळी करून वर सावली केली.
पाणी शिंपडलं
आणि त्या उघड्या रानात
मे महिन्यातली आमची बैठकीची खोली आली,
पडदे ओढलेली, दुपारची,
सासरे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेले.

चालू असलेला एकच पंखा होता,
तो देवाजींनी तूर उपणायला नेला होता.
परत आणला तेव्हा सोबत पायलीभर तूर.
वहीत कुठल्या रकान्यात लिहायची?
पंख्याची किंमत तर मी शून्य धरली होती.
अजून पेन्सिलीनंच आहे ती ओळ.

पहिली वांगी निघाली, सव्वा किलो.
प्रफुल्लनं मोबाईलवर भागाकार केला
आणि मला दाखवला नाही.
आम्ही ती तिथंच काड्यांवर भाजली,
मीठ घरी राहिलं होतं.

कुत्रं नंतर आलं,
पाटी वाचून कामावर रुजू झाल्यासारखं.
एक कान दुमडलेला. नाव अजून ठेवलं नाही,
खर्चातही धरलं नाही.
चारी बाजू मोकळ्या. शेळ्या येतात,
देवाजींच्या नाती बोरं वेचत येतात,
कोणाचं तरी वासरू येऊन मेथी खाऊन जातं.
हे मात्र सकाळी फाटकासमोर बसून असतं,
स्कूटर थांबून मी कडी काढेपर्यंत.

परवा कुलपाची किल्ली सापडेना.
प्रफुल्ल म्हणाला, चल ना, बाजूनं जाऊ.
कुत्र्यानं त्याच्याकडे असं काही पाहिलं
की तो मुकाट्यानं
डिक्की उघडून किल्ली शोधू लागला.